मांजराच्या धमन्यांचा माग कसा काढावा: हृदयापासून शेपटीपर्यंत

मांजराच्या धमन्या शिकताना बहुतेक जण नावांची यादी समोर ठेवतात आणि यादीतली एकेक धमनी नमुन्यात, म्हणजे अभ्यासासाठी जतन केलेल्या मृत मांजरात, शोधत बसतात. माझ्या मते हे उलटं आहे. धमनी कुठून फुटते हे प्रत्येक मांजरात थोडंफार बदलतं, पण ती कुठे पोहोचते हे सहसा बदलत नाही. म्हणून मूळ दिसल्याबरोबर नाव द्यायची घाई करू नये. धमनी मोकळी करत करत ती ज्या अवयवात शिरते तिथवर जावं आणि मगच नाव ठरवावं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका नियमावर उभ्या आहेत.

हा क्रम प्राणिशास्त्र आणि पशुवैद्यक शिकणाऱ्यांसाठी आहे. नमुना जतन केलेला आणि धमन्यांत लाल लेटेक्स (रंगीत रबरी द्राव) भरलेला आहे, असं धरलं आहे. शेवटी हीच रचना जिवंत मांजरात हाताला कशी लागते आणि कुठे जीव वाचवण्याच्या कामी येते, तेही सांगितलं आहे. ते वाचल्याशिवाय हा अभ्यास अर्धाच राहतो.

सुरुवात करण्यापूर्वी

नमुना आधी वाहत्या पाण्याखाली नीट धुऊन घ्या. जतन करण्याच्या द्रावणात फॉर्मल्डिहाइड असतं, त्यानं डोळे आणि घसा चुरचुरतो. हातमोजे, चष्मा आणि खेळती हवा या तिन्ही गोष्टी हव्यातच. काम थांबवताना उघडा भाग द्रावणात भिजवलेल्या फडक्यानं झाका आणि नमुना पिशवीत घट्ट बांधून ठेवा. एकदा का ऊती वाळल्या की बारीक धमन्या हात लावताच तुटतात.

हत्यारं मोजकीच लागतात: दोन चिमटे, बोथट टोकाची कात्री आणि बोथट प्रोब (चाचपायची सळई). स्काल्पेल कातडी कापण्यापुरतं वापरा आणि मग बाजूला ठेवून द्या.

खरं कौशल्य आहे धमनी मोकळी करण्यात. धमनीभोवती चरबी आणि पांढुरक्या धाग्यांचं आवरण असतं. कात्रीची मिटलेली टोकं धमनीला समांतर धरून त्या आवरणात हलकेच घुसवायची आणि तिथे कात्री उघडायची. आवरण आपोआप फाटतं, धमनी शाबूत राहते. मग टोकं मिटून थोडी पुढे न्यायची आणि पुन्हा तेच करायचं. हालचाल नेहमी धमनीच्या लांबीच्या दिशेनं हवी. आडवी हालचाल केली की बाजूच्या फांद्या मुळातून उपटून येतात, आणि तुटलेली फांदी कोणाची होती हे नंतर सांगता येत नाही. एखादी धमनी एका बाजूला तुटलीच, तर दुसऱ्या बाजूला तिची जोडीदार बहुधा शाबूत असते. म्हणून दोन्ही बाजू एकाच वेळी उघडायच्या नाहीत.

रंगावर फार भरवसा ठेवू नका. साधारणपणे धमन्यांत लाल आणि शिरांत निळं लेटेक्स असतं, आणि काही नमुन्यांत यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेत पिवळं. पण लेटेक्स सगळीकडे पोहोचतंच असं नाही. न भरलेली धमनी फिकट, रिकाम्या नळीसारखी दिसते. कुठे धमनी फुटून लाल गोळा झालेला असतो. लेटेक्स सहसा मानेतल्या किंवा मांडीतल्या धमनीतून भरतात. तिथे छेद आणि दोरा दिसला तर त्या भागाचा अभ्यास दुसऱ्या बाजूला करा. शंका आली तर बोटांत धरून बघा: धमनीची भिंत जाड असते, ती गोल आणि लवचिक लागते, शिरेची भिंत पातळ असते आणि ती चपटी होते.

आणखी एक. मांजर पाठीवर झोपलेलं असतं, त्यामुळे डावं-उजवं म्हणजे नेहमी मांजराचं डावं-उजवं. दिशेसाठी ‘वर-खाली’ हे शब्द टाळा. ‘डोक्याकडे’, ‘शेपटीकडे’, ‘पाठीकडे’, ‘पोटाकडे’ असं म्हणायची सवय लावून घ्या. माणसाच्या शरीररचनेतलं ‘सुपीरिअर मेसेंटेरिक’ मांजरात ‘क्रेनियल मेसेंटेरिक’ होतं, म्हणजे डोक्याकडची. शेपटीकडची ती ‘कॉडल’. जुन्या मार्गदर्शिकांत मात्र माणसाचीच नावं मांजराला लावलेली असतात. एकाच धमनीची दोन नावं दिसली तर गोंधळून जाऊ नका.

पायरी १: छाती उघडणं

कात्री छातीच्या मधल्या हाडावरून चालवू नका. त्याच्या एका बाजूनं, साधारण १ सेंटीमीटर अंतरावरून बरगड्यांची कूर्चा कापत जा. मधल्या हाडाच्या दोन्ही अंगांना, आतल्या बाजूनं, इंटर्नल थोरॅसिक धमन्या जातात. एका बाजूनं कापलं तर फार तर त्या बाजूची धमनी तुटेल, दुसरी अभ्यासाला उरेल. मग श्वासपटलाच्या कडेनं दोन्हीकडे आडवा छेद घ्या आणि छातीच्या भिंती बाहेर दाबा. पाठीच्या कण्याजवळ बरगड्या मोडल्या की पिंजरा उघडा राहतो.

समोर प्रथम थायमस ग्रंथी येते. तरुण मांजरात ती चांगली मोठी असते. ती काढली की हृदयावरचं आवरण दिसतं. त्याच्या डोक्याकडे ज्या जाड निळ्या नळ्या दिसतात त्या शिरा: क्रेनियल व्हेना कॅव्हा आणि तिला मिळणाऱ्या दोन ब्रॅकिओसेफॅलिक शिरा. मांजर पाठीवर असताना या शिरा धमन्यांच्या वरच पडलेल्या असतात. म्हणून शिरा आधी पाहून, वहीत काढून घ्याव्या लागतात. त्या बाजूला सारल्या किंवा कापल्याशिवाय खालच्या धमन्या नीट उघड होत नाहीत. कापताना दोन्ही अंगांच्या फ्रेनिक आणि व्हेगस चेतांना (मज्जातंतूंना) धक्का लावू नका. पुढे वाट ओळखायला त्यांचा फार उपयोग होतो.

पायरी २: महाधमनीची कमान

हृदयाच्या डाव्या निलयातून (खालच्या कप्प्यातून) महाधमनी निघते, डोक्याकडे चढते, डावीकडे वळते आणि पाठीच्या कण्याला भिडते. तिच्या मुळाशीच हृदयाला रक्त देणाऱ्या दोन कॉरोनरी धमन्या आहेत. हृदयाच्या खाचांमधली चरबी चिमट्यानं उचलून काढली की त्या दिसतात. डावी लगेच दोन फांद्यांत विभागते. एक निलयांमधल्या खाचेतून हृदयाच्या टोकाकडे उतरते, दुसरी हृदयाला वळसा घालून मागे जाते.

महाधमनीच्या पोटाकडून जाणारी दुसरी जाड नळी म्हणजे फुप्फुस धमनी. बहुतेक नमुन्यांत तिच्यात लाल लेटेक्स नसतं, त्यामुळे ती शीर वाटू शकते. ती उजव्या निलयातून निघते आणि फुप्फुसांत शिरते, हे पाहूनच ओळख पटवा. ती आणि महाधमनी यांच्यामध्ये एक आखूड, चिवट बंध असतो. गर्भात याच वाटेनं रक्त फुप्फुसांना टाळून थेट महाधमनीत जात असे. जन्मानंतर ती वाट बंद झाली आणि मागे हा बंध उरला. याच्या अगदी शेजारून डाव्या व्हेगसची एक फांदी महाधमनीखालून वळसा घेऊन स्वरयंत्राकडे परत जाते. ही चेता सापडली की आपण योग्य ठिकाणी आहोत असं समजा.

आता कमानीवरच्या फांद्या मोजा. माणसाच्या चित्रात तीन असतात. मांजरात दोनच. पहिली ब्रॅकिओसेफॅलिक, जाड आणि आखूड. दुसरी, तिच्या डावीकडे, पुढच्या पायाकडे जाणारी डावी सबक्लेव्हियन. ब्रॅकिओसेफॅलिक मधून आधी डावी कॉमन कॅरोटिड निघते. मग तीच पुढे उजवी कॉमन कॅरोटिड आणि उजवी सबक्लेव्हियन अशी फुटते. म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या दोन्ही कॅरोटिड एकाच खोडावर आहेत. ज्यांनी माणसाची आकृती पाठ केलेली असते ते इथे तिसरी फांदी शोधत राहतात, आणि शोधता शोधता डाव्या कॅरोटिडचं मूळ फाडून ठेवतात.

पायरी ३: सबक्लेव्हियनच्या चार फांद्या

पहिल्या बरगडीच्या आत सबक्लेव्हियनमधून चार फांद्या जवळजवळ निघतात, आणि त्यांचा क्रम नमुन्यागणिक थोडा मागेपुढे होतो. सुरुवातीला सांगितलेला नियम इथेच कामाला येतो. मुळांकडे बघत बसू नका, प्रत्येक फांदी शेवटपर्यंत न्या.

जी पाठीकडे वळून मानेच्या मणक्यांच्या आडव्या छिद्रांमध्ये शिरते, ती व्हर्टिब्रल. ती सहाव्या मणक्याच्या छिद्रातून आत जाते आणि डोक्याकडे चढत जाते. जी पोटाकडे, छातीच्या मधल्या हाडाकडे उतरते, ती इंटर्नल थोरॅसिक. जी पहिल्या बरगड्या आणि मानेच्या खोल स्नायूंकडे जाते, ती कॉस्टोसर्व्हायकल. आणि जी डोक्याकडे निघून खांद्याच्या स्नायूंकडे वळते, ती सुपरफिशियल सर्व्हायकल. जुन्या पुस्तकांत या शेवटच्या धमनीच्या जागी थायरोसर्व्हायकल असं लिहिलेलं सापडेल.

पायरी ४: पुढचा पाय

पहिली बरगडी ओलांडताच सबक्लेव्हियनला अ‍ॅक्सिलरी म्हणतात. छातीचे स्नायू मध्यरेषेजवळ कापून बाजूला उलटवले की काख उघडते. धमनीभोवती जाड पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं दिसतं. त्या चेता आहेत, त्या कापू नका. अ‍ॅक्सिलरीच्या फांद्या छातीच्या स्नायूंना, बगलेला आणि खांद्याच्या पात्यामागे जातात. पात्यामागे जाणारी सबस्कॅप्युलर सर्वांत मोठी. ती गेल्यावर उरलेली धमनी म्हणजे ब्रॅकियल.

ब्रॅकियल दंडाच्या आतल्या बाजूनं कोपराकडे जाते. इथे घाई करू नका. कोपराच्या थोडं अलीकडे, दंडाच्या हाडाच्या आतल्या कडेला एक लांबट भोक असतं. त्यावर हाडाचीच एक बारीक पट्टी कमानीसारखी आलेली असते. ब्रॅकियल धमनी आणि मीडियन चेता दोन्ही या भोकातून पार होतात. धमनीच्या कडेनं प्रोब हळूच पुढे सरकवलं की ते पट्टीखाली शिरतं आणि पलीकडे निघतं. कुत्र्यात हे भोक नाही. कुत्र्याच्या त्याच हाडात कोपराच्या सांध्याशी जे छिद्र दिसतं, त्यातून धमनी जात नाही. नुसतं दंडाचं हाड हातात आलं तरी या एका खुणेवरून मांजर की कुत्रा याचा निर्णय करता येतो. कोपरापुढे धमनी मीडियन, अल्नर आणि रेडियल अशा फांद्यांनी पंजापर्यंत जाते. पहिल्या खेपेला एवढं पुरे.

पायरी ५: मान, डोकं आणि मेंदूचं रक्त

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हा. माणसाची आकृती इथे सर्वांत जास्त फसवते.

श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना कॉमन कॅरोटिड सरळ डोक्याकडे जाते. तिला चिकटून एक पांढरी चेता असते. व्हेगस आणि सिंपथेटिक या दोन चेता मानेत एकाच आवरणात गुंडाळलेल्या असतात, तीच ही. स्वरयंत्राजवळ थायरॉइडला जाणारी बारीक फांदी निघते. थायरॉइडचे दोन लांबट, तपकिरी खंड श्वासनलिकेला लगटून असतात. त्यांच्यावरून ही फांदी ओळखता येते.

त्यानंतर चित्रांत कॅरोटिडचे दोन भाग दाखवतात: बाहेरची आणि आतली. मांजराच्या पिल्लात आतली कॅरोटिड उघडी असते. प्रौढ मांजरात मात्र कवटीबाहेरचा तिचा भाग बंद होऊन नुसता बारीक दोरा उरतो. लाल लेटेक्स त्यात जाणारच नाही. म्हणून डोक्याच्या मागच्या भागाकडे जाणाऱ्या ऑक्सिपिटल धमनीच्या मुळाजवळ लाल धमनी सापडत नाही म्हणून आवरण फाडत बसू नका. तिथे दिसणारा फिकट धागा हीच आतली कॅरोटिड, असं वहीत लिहा आणि पुढे चला.

मग मेंदूला रक्त कुठून मिळतं? बाहेरच्या कॅरोटिडचा माग काढला की उत्तर सापडतं. तिच्यातून जिभेकडे, चेहऱ्याकडे, कानामागे आणि कानशिलाकडे फांद्या जातात. उरलेली मॅक्सिलरी धमनी जबड्याच्या मागच्या टोकाच्या आतून डोळ्याच्या खोबणीमागे जाते. तिथे ती बारीक बारीक धमन्यांच्या गुंतलेल्या जाळ्यात फुटते. याला रेटे मिराबिले म्हणतात. या जाळ्यातून निघालेल्या धमन्या डोळ्याच्या खोबणीमागच्या फटीतून कवटीत शिरतात आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या कड्याला रक्त देतात. व्हर्टिब्रल धमन्या एकत्र येऊन बॅसिलर धमनी बनते आणि मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवते.

रेटे मिराबिलेला मोठा इतिहास आहे. प्राचीन ग्रीक वैद्य गेलननं प्राण्यांत पाहिलेलं असं जाळं माणसातही असतं असं लिहून ठेवलं, आणि शेकडो वर्षं ते खरं मानलं गेलं. १५४३ साली शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसॅलियसनं माणसाच्या मेंदूखाली ते नसतं हे छापून मांडलं. एका प्राण्याची रचना दुसऱ्यावर लादली की काय होतं, त्याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. मांजरात माणसाची आतली कॅरोटिड शोधणं ही तीच चूक, फक्त उलट दिशेनं.

याचा जिवंत मांजराशी थेट संबंध आहे. मॅक्सिलरी धमनी जबड्याचं मागचं टोक आणि कानाखालचा हाडाचा फुगवटा यांच्यामधून जाते. स्वच्छ केलेली कवटी मिळाली तर खालचा जबडा जागेवर बसवून हळूहळू उघडून बघा. तोंड पूर्ण उघडलं की ही फट आक्रसते. भूल देऊन दातांचं काम करताना स्प्रिंगचा आकडा लावून मांजराचं तोंड बराच वेळ ताणून ठेवलं, तर ही धमनी दाबली जाते. कुत्र्यात आतली कॅरोटिड उघडी असते, त्यामुळे दुसरी वाट असते. मांजरात मेंदूच्या पुढच्या भागाला आणि डोळ्याच्या पडद्याला या धमनीवरच भिस्त ठेवावी लागते. भुलेतून उठल्यावर मांजर आंधळं किंवा बहिरं झाल्याच्या घटना पशुवैद्यकात नोंदलेल्या आहेत. म्हणून मांजराच्या तोंडात स्प्रिंगचा आकडा लावूच नये. कामापुरतंच तोंड उघडावं आणि मधूनमधून ते मिटू द्यावं.

पायरी ६: छातीतली उतरती महाधमनी

डावं फुप्फुस उजवीकडे उलटवा. कण्याला चिकटून जाणारी महाधमनी दिसेल. तिच्यातून बरगड्यांमधल्या जागांकडे जोड्या निघतात. पहिल्या तीन-चार जागांना रक्त कॉस्टोसर्व्हायकलकडून येतं, बाकीच्यांना थेट महाधमनीकडून. अन्ननलिका आणि श्वासवाहिन्यांकडे जाणाऱ्या फांद्या बारीक असतात, दिसल्या तर नोंदवा. मग महाधमनी श्वासपटलातून पोटात उतरते.

पायरी ७: पोट

पोटाची भिंत उघडून जठर, प्लीहा आणि आतडी मांजराच्या उजव्या बाजूला सारा. डावं मूत्रपिंड दिसलं की त्याच्या आतल्या बाजूला महाधमनी आहेच. मूत्रपिंडाच्या पृष्ठभागावर फांदोऱ्यांसारख्या रेषा दिसतात. त्या आवरणाखालच्या शिरा आहेत, मांजराच्या मूत्रपिंडाची ती खूणच. त्यांना धमन्या समजू नका.

पोटातल्या फांद्या लक्षात ठेवायला एक सोपा विभाग करा. पचनसंस्थेला जाणाऱ्या धमन्या एकेकट्या असतात आणि महाधमनीच्या पोटाकडच्या बाजूनं निघतात. बाकी जवळजवळ सगळ्या जोडीनं असतात. एकट्या तीनच: सीलिअ‍ॅक, क्रेनियल मेसेंटेरिक आणि कॉडल मेसेंटेरिक.

सीलिअ‍ॅक श्वासपटलातून बाहेर पडताच निघते आणि क्रेनियल मेसेंटेरिक तिच्या लगेच शेपटीकडे. दोन्हींच्या मुळाशी पांढुरका, चिवट, गाठीसारखा पुंजका असतो आणि तो सहज सुटत नाही. ती घाण किंवा चरबी नव्हे. सिंपथेटिक चेतांच्या गाठी आणि त्यांचं जाळं आहे. ते एकदा नीट पाहून घ्या, मग कात्रीची टोकं उघडत थोडं थोडं बाजूला करा. पोटाच्या डिसेक्शनमधला सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि तो द्यावा.

सीलिअ‍ॅकच्या तीन फांद्या. हिपॅटिक यकृताकडे जाते. ती पोर्टल शीर आणि पित्तनलिका यांच्या सोबतीनं चालते. यकृतात शिरण्यापूर्वी ती एक फांदी जठर, लहान आतड्याचा पहिला भाग आणि स्वादुपिंड यांच्याकडे पाठवते. डावी गॅस्ट्रिक जठराच्या आखूड कडेनं पसरते. तिघींत लहान हीच. स्प्लेनिक प्लीहेकडे जाते आणि तिथून जठराच्या लांब कडेला फांद्या देते. या तिन्हींचीही मुळं नमुन्यागणिक थोडी बदलतात. यकृत, जठर की प्लीहा, एवढंच विचारा.

क्रेनियल मेसेंटेरिक उलगडताना आतड्यांचा पडदा उजेडासमोर ताणून धरा. लाल फांद्या कमानी करत लहान आतड्याकडे जाताना स्पष्ट दिसतात. हिच्याच काही फांद्या स्वादुपिंडाच्या शेपटीकडच्या भागाला आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या व मधल्या भागाला जातात. कॉडल मेसेंटेरिक बरीच मागे, बारीक आणि एकटी निघते. मोठ्या आतड्याच्या उरलेल्या भागाशी आणि गुदाशयाशी तिचं काम.

आता जोड्या. मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या थोड्या डोक्याकडे, अ‍ॅड्रिनल ग्रंथीला ओलांडून पाठीच्या भिंतीकडे आणि श्वासपटलाकडे जाणारी जोडी असते. कधी ती महाधमनीतून निघते, कधी सीलिअ‍ॅकमधून. मूळ कुठेही असो, ती अ‍ॅड्रिनलवरून जाते यावरूनच तिची ओळख. मूत्रपिंडाच्या धमन्यांत उजवी किंचित डोक्याकडे असते, कारण मांजराचं उजवं मूत्रपिंडच डोक्याकडे असतं. काही मांजरांत एका मूत्रपिंडाला दोन धमन्याही सापडतात.

त्यांच्या मागे जननग्रंथींच्या धमन्या. बोक्यात या बारीक धमन्या पोटातून थेट जांघेच्या नळीतून वृषणापर्यंत जातात, अवयवाच्या मानानं फारच लांबून. याचं कारण गर्भात आहे. वृषणं मूत्रपिंडांजवळ तयार होतात आणि नंतर खाली उतरतात. उतरताना ती आपली धमनी मूळ जागेपासून ओढत नेतात. मादीत अंडाशय मूत्रपिंडाच्या मागेच राहतो, म्हणून धमनी आखूड आणि वळणावळणाची असते. कण्याच्या बाजूनं कमरेच्या मणक्यांकडे जोडीजोडीनं लहान धमन्या जातात. त्या पाहायला महाधमनी प्रोबनं हलकेच उचला.

पायरी ८: महाधमनीचा शेवट आणि मागचा पाय

माणसात महाधमनी दोन कॉमन इलियाकमध्ये फुटते. मांजरात कॉमन इलियाक नाहीच. आधी दोन्ही बाजूंना एक्स्टर्नल इलियाक निघतात, थोडं मागे इंटर्नल इलियाकची जोडी, आणि मधोमध उरलेली बारीक धमनी त्रिकास्थीखालून शेपटीत जाते. हा टप्पा नीट स्वच्छ करा आणि चित्र काढा. पुढे सांगायच्या आजारात सगळं याच जागी घडतं.

इंटर्नल इलियाक श्रोणीतल्या अवयवांना आणि ढुंगणाच्या स्नायूंना रक्त देते. तिच्या सुरुवातीलाच मूत्राशयाकडे जाणारी एक फांदी असते. गर्भात हीच नाळेकडे जात असे.

एक्स्टर्नल इलियाक पोटाबाहेर पडण्याच्या बेतात असताना डीप फिमोरल देते. तिच्यातून पोटाच्या भिंतीकडे चढणारी कॉडल एपिगॅस्ट्रिक जाते. ही धमनी पोटाच्या सरळ स्नायूत डोक्याकडे जाते आणि इंटर्नल थोरॅसिककडून उतरणाऱ्या क्रेनियल एपिगॅस्ट्रिकच्या फांद्यांना मिळते. छातीत जपून ठेवलेली ती धमनी आता उपयोगी पडते: हृदयाजवळून निघालेलं रक्त महाधमनीला वगळूनही मांडीजवळ पोहोचू शकतं.

मांडीत शिरताच धमनी फिमोरल होते. आतल्या बाजूला सार्टोरियस आणि पेक्टिनियस या स्नायूंमध्ये एक त्रिकोणी खोलगट जागा आहे. इथे धमनी कातडीखाली लगेच असते आणि तिच्या शेपटीकडे शीर. मांडीच्या मध्यापुढे सॅफेनस नावाची फांदी कातडीखालून नडगीच्या आतल्या बाजूकडे जाते. मुख्य धमनी गुडघ्यामागे जाऊन पॉप्लिटियल होते, आणि तिथून क्रेनियल व कॉडल टिबियल निघतात. पंजाच्या वरच्या बाजूला रक्त मुख्यतः क्रेनियल टिबियलकडून जातं.

जिवंत मांजरात: मांडीची नाडी

मांजर शांत उभं किंवा कुशीवर असताना मागून हात नेऊन बोटांची टोकं मांडीच्या आतल्या बाजूला, जांघेजवळ, त्याच त्रिकोणी खोलग्यात टेकवा. अंगठा वापरू नका, त्यात स्वतःचीच नाडी लागते. दाब अगदी हलका ठेवा. मांजराची धमनी बारीक असते, जोर दिला तर ती मिटते आणि नाडी नाहीच असं वाटतं. दोन्ही बाजू एकाच वेळी तपासा, म्हणजे फरक लगेच कळतो. १५ सेकंद मोजून चारनं गुणा. दवाखान्यात, थोड्या ताणाखाली, मिनिटाला १४० ते २२० ठोके नेहमीचे मानतात.

निरोगी मांजरात हा सराव करण्याचं कारण गंभीर आहे. मांजरात हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार बराच आढळतो. त्यात डावं अलिंद (हृदयाचा वरचा कप्पा) फुगतं, आत रक्त साचतं आणि गुठळी धरते. ती गुठळी सुटून महाधमनीतून वाहत येते आणि इलियाक फुटतात तिथे दोन्ही वाटांवर खोगिरासारखी बसते. मांजर एकाएकी मागचे पाय ओढू लागतं आणि वेदनेनं ओरडतं. मागचे पंजे गार पडतात, तळवे फिके किंवा निळसर होतात, मांडीची नाडी लागत नाही. कधी कधी गुठळी पुढच्या एखाद्या पायाकडेही जाते.

इथे एक प्रश्न पडायला हवा. एपिगॅस्ट्रिकच्या आणि कण्याजवळच्या पर्यायी वाटा असताना पाय इतके लुळे का पडतात? प्रयोगांत असं दिसलं, की महाधमनी नुसती बांधली तर या वाटांनी पायांना पुष्कळ रक्त मिळतं. गुठळी असेल तर तसं होत नाही. तिच्यातल्या बिंबिका (रक्त गोठवणाऱ्या पेशी) सेरोटोनिन आणि थ्रॉम्बॉक्सेन ही रसायनं सोडतात, आणि त्यांमुळे पर्यायी धमन्याही आकुंचन पावतात. वाट असूनही बंद होते.

अशा वेळी पाय चोळू नका, शेकू नका, आणि माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणं ठरतं. मांजराला फार न हलवता, आधार देऊन, ताबडतोब पशुवैद्याकडे न्या. पोचल्यावर नाडी कोणत्या बाजूला लागत नाही, पाय कधीपासून गार आहेत आणि श्वास जोरात चालला आहे का, हे आधी सांगा.

रक्तदाब मोजताना

डॉपलरनं (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या यंत्रानं) रक्तदाब घेताना दोन जागा सोयीच्या: पुढच्या पंजाचा तळवा, जिथे बोटांकडे जाणाऱ्या धमन्या कातडीलगत असतात, आणि शेपटीच्या मुळाची खालची बाजू, जिथे महाधमनीचं ते शेवटचं बारीक टोक मध्यरेषेतून जातं. हवा भरायच्या पट्ट्याची रुंदी तो बांधायच्या जागेच्या घेराच्या ३० ते ४० टक्के हवी. अरुंद पट्टा दाब खोटा वाढवून दाखवतो, रुंद पट्टा कमी. मांजराला आधी पाच-दहा मिनिटं शांत बसू द्या, पहिलं माप सोडून द्या आणि पुढच्या पाच-सहा मापांची सरासरी घ्या. वरचा दाब १४० च्या आत असेल तर काळजी नको. १६० च्या पुढे पुन्हा पुन्हा येत असेल तर तो उच्च रक्तदाब, आणि १८० किंवा त्याहून जास्त असेल तर डोळ्याचा पडदा सुटण्याचा धोका फार वाढतो. तेव्हा डोळे त्याच भेटीत तपासून घ्या. पुढच्या वेळीही तीच जागा आणि तोच पट्टा वापरा, आणि दोन्ही मांजराच्या कागदावर लिहून ठेवा.